कडक केली की गाडी चांगली वळते?



सहावी-सातवीला बल, गती, घर्षण शिकवताना गाडीचा विषय काढला की मागच्या बाकापर्यंत सगळे जागे होतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे मुलांना आज बरंच काही माहीत असतं. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकल्यासारखी असते, तिच्या स्प्रिंगा कडक असतात, म्हणून ती वळणावर पळते, असं ती ठामपणे सांगतात. गंमत म्हणजे त्यांचे मोठे भाऊ आणि कधी कधी वडीलसुद्धा तेच सांगतात. गाडी खाली बसवा, स्प्रिंगा कडक टाका, झाली रेसिंगची गाडी!

माझं मत याच्या उलट आहे आणि ते मी इथे मांडणार आहे. कडकपणा म्हणजे पकड नव्हे. स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन सुधारायचं असेल तर कडक स्प्रिंगांचा नंबर बराच शेवटी लागतो. हा विषय आपल्या शैक्षणिक ब्लॉगवर कशाला, असं कुणी विचारेल. आज वर्गात बसलेला मुलगा पाच-सहा वर्षांत गाडीचं हँडल नाहीतर स्टेअरिंग हातात घेणार आहे. तेव्हा त्याच्या डोक्यात अर्धवट माहिती असेल, तर ती पावसाळी वळणावर उघडी पडते.

उदाहरणासाठी एक खरी गाडी घेऊ. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-5, अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसांची, उघड्या छताची, मागच्या चाकांवर चालणारी. इंजिन फक्त 1.6 लिटरचं आणि वजन एक टनापेक्षा कमी. ताकद बेताचीच, तरी 2016 मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी तयार झाली. आपल्याकडे ती अधिकृतपणे विकली जात नाही. पण अमेरिका, ब्रिटन, जपान इथले हौशी लोक हीच गाडी रोज ऑफिसला नेतात आणि रविवारी रेस ट्रॅकवरही नेतात. त्यामुळे रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी सस्पेन्शन कसं सुधारायचं, हा प्रश्न या गाडीवर जितका घासूनपुसून पाहिला गेलाय तितका फार थोड्या गाड्यांवर पाहिला गेला असेल. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर एक आणि खाली एक असे दोन हात. चाक वरखाली झालं तरी टायर रस्त्यावर जास्तीत जास्त सपाट टेकावा म्हणून ही रचना.

आता मूळ मुद्दा. गाडी आणि रस्ता यांची भेट होते ती फक्त चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या जागेत. वळणं, थांबणं, पळणं सगळं त्या चार तळहातांवर. सस्पेन्शनचं काम एकच, हे चार तळहात रस्त्यावरून उचलू द्यायचे नाहीत आणि त्यांच्यावरचं वजन सारखं खालीवर होऊ द्यायचं नाही. आपल्याला गचके बसत नाहीत हा त्याचा दुसरा फायदा.

वळणावर काय होतं ते आकड्यांत बघू. चालकासह गाडी 1000 किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 0.45 मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर 1.4 मीटर धरा. वळणाचा जोर गुरुत्वाच्या 0.9 पट असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन होतं 1000 गुणिले 0.9 गुणिले 0.45 भागिले 1.4, म्हणजे सुमारे 290 किलो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना 500-500 असलेलं वजन वळणावर 790 आणि 210 होतं.

या हिशोबात स्प्रिंग कुठे आहे? कुठेच नाही! स्प्रिंगा मऊ असोत की दगडासारख्या, सरकणारं वजन जवळपास तेवढंच राहतं. कडक स्प्रिंगांनी गाडी कमी झुकते, एवढंच. झुकणं डोळ्यांना दिसतं आणि वजन सरकणं दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. सरकणारं वजन खरंच कमी करायचं तर गाडी हलकी करा, गुरुत्वमध्य खाली आणा, नाहीतर चाकांतलं अंतर वाढवा.

इथे आपल्या पुस्तकातल्या घर्षणाच्या नियमाला एक अपवाद जोडावा लागतो. पुस्तक सांगतं, वजन दुप्पट तर घर्षण दुप्पट. टायरचं रबर तसं वागत नाही. वजन दुप्पट झालं तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. म्हणजे 790 किलो घेतलेल्या बाजूने जितकी पकड कमावली त्यापेक्षा जास्त 210 वाल्या बाजूने गमावली. एका बाजूला जास्त भार पडला की बेरजेत तोटाच. हा एक मुद्दा नीट कळला की सस्पेन्शनचा निम्मा विषय समजला असं मी म्हणेन.

मग कडक स्प्रिंगांचा उपयोग काहीच नाही का? आहे ना. गाडी कमी झुकली की टायर जास्त सपाट राहतो, स्टेअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो, ब्रेक मारल्यावर नाक खाली जात नाही. गुळगुळीत ट्रॅकवर, जास्त चिकट टायर असतील तर हे सगळं हवंच असतं. पण किती कडक, याला हिशोब आहे. स्प्रिंगवर बसलेलं वजन सेकंदाला किती वेळा वरखाली हलेल ते स्प्रिंगच्या कडकपणाला वजनाने भागून आलेल्या आकड्याच्या वर्गमुळावर ठरतं. एका चाकावर गाडीचा 220 किलो भार आणि चाकाजवळ मोजलेला कडकपणा मीटरला 20,000 न्यूटन असेल तर उत्तर येतं सेकंदाला साधारण दीड आंदोलनं. रोजच्या गाड्या एक ते दीडच्या आसपास असतात, स्पोर्ट्स कार दीड ते दोन, आणि पंखांनी हवेचा दाब न घेणाऱ्या ट्रॅकच्या गाड्या दोन-अडीचपर्यंत. स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी दीडचे तीन होत नाहीत, 2.1 होतात. वर्गमूळ आहे ना मध्ये.

हे वर्गात दाखवायला काही खर्च नाही. प्रयोगपेटीतल्या दोन सारख्या स्प्रिंगा घ्या. एका स्प्रिंगला वजन टांगून 20 आंदोलनांचा वेळ मोजा. मग तेच वजन दोन्ही स्प्रिंगा शेजारी-शेजारी लावून टांगा. आधी 14 सेकंद लागत असतील तर आता दहाच्या आसपास लागतील. मुलं सातची वाट बघत असतात. तिथे थांबायचं आणि त्यांनाच विचारायचं, का रे?

आता शॉकअप. गॅरेजात आपण शॉकअप म्हणतो, पण खरा धक्का स्प्रिंग झेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचं हलणं थांबवणं. आत तेल असतं, ते बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकललं जातं, हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळेच. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप जुनाच ठेवला तर तो त्या स्प्रिंगला आवरू शकत नाही. खड्ड्यातून गेल्यावर गाडी उड्या मारत राहते आणि प्रत्येक उडीला तळहात रस्त्यावरून हलके होतात. माझं स्पष्ट मत आहे की मियाटासारख्या गाडीवर पैसे घालायचेच असतील तर ते आधी चांगल्या शॉकअपवर घालावेत, स्प्रिंगा जेमतेम थोड्या कडक घ्याव्यात. लोटसचे कॉलिन चॅपमन यांच्या गाड्या याच वाटेने गेल्या, स्प्रिंगा मऊ आणि हालचालीवर ताबा पक्का. 1962 ची लोटस एलान आजही चालवायला सुरेख म्हणून ओळखली जाते, आणि मियाटाच्या आखणीमागे हीच गाडी होती.

खाली बसवण्याचं प्रकरण तर आणखी वाईट. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं. पण प्रत्येक चाकाला वर जायला ठरावीक जागा असते आणि तिच्या शेवटी रबराचा ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. पहिल्या मियाटात ही जागा मुळातच कमी. ती गाडी दोन इंच खाली बसवली की वळणावर ती लगेच ठोकळ्यावर टेकते. ठोकळ्यावर टेकणं म्हणजे स्प्रिंग एका क्षणात अनेक पट कडक होणं. त्या बाजूच्या टायरवर भार अचानक वाढतो आणि पकड सुटते. चालकाला वाटतं, टायर खराब आहेत!

मग सुरुवात कुठून? या गाड्या आता तीस-पस्तीस वर्षांच्या झाल्या. सस्पेन्शनच्या हातांच्या सांध्यांत रबरी बुश असतात, ते इतक्या वर्षांत चिरतात, ढिले होतात. ढिल्या बुशवर महागडं सस्पेन्शन म्हणजे कच्च्या पायावर माडी. आधी बुश, बॉल जॉइंट, मग चांगले टायर. त्यानंतर अलाइनमेंट, आणि इथे या गाडीचं कौतुक करायला हवं, कारण तिच्या चारही चाकांचे कोन सरकवायची सोय कंपनीनेच दिली आहे. चाकाचा वरचा भाग आत किती कललाय याला कँबर म्हणतात. रस्त्यासाठी एक-दीड अंश, ट्रॅकसाठी अडीच-तीन अंशांपर्यंत लोक नेतात. चाकांची तोंडं एकमेकांकडे वळली आहेत की बाहेर, ते टो. टायरची आतली कड लवकर खाल्ली जाते तेव्हा दोष बहुतेक वेळा कँबरला दिला जातो आणि चूक टोमध्ये असते. अलाइनमेंटला लागणारा खर्च बघा आणि मिळणारा फायदा बघा. माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

अँटी-रोल बार हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पिळाचा दांडा. पुढचा जाड केला तर गाडी वळणावर पुढून बाहेर सरकायला बघते, मागचा जाड केला तर शेपूट फिरते. कोरड्या ट्रॅकवर शेपूट थोडी फिरलेली अनुभवी माणसाला आवडते. पण त्याच गाडीने सोमवारी पावसात घरी यायचं असतं. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींचं भांडण इथे खरं पेटतं, आणि तडजोड करावीच लागते. मी रस्त्याच्या बाजूने आहे. वर्षातले चार दिवस ट्रॅकवर आणि बाकीचे रस्त्यावर असतील, तर गाडी रस्त्यासाठी लावावी. ट्रॅकवर एक-दोन सेकंद जास्त लागले तर बिघडलं काय? आणि सगळे ट्रॅक काही गुळगुळीत नसतात. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची जुनी वाट 20.8 किलोमीटरची, चढउतारांची, उंचवट्यांची. सपाट ट्रॅकसाठी दगडासारखी कडक केलेली गाडी तिथे उडत चालते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गावात मियाटा नाही, पण स्प्रिंग कापलेली हॅचबॅक मात्र बहुतेकांनी पाहिली असेल. ग्राइंडरने दोन वेढे कापले की गाडी खाली बसते, खर्च नाही. आठ वेढ्यांची स्प्रिंग सहा वेढ्यांची झाली की ती आठ भागिले सहा, म्हणजे एक-तृतीयांश जास्त कडक होते. शॉकअप तोच, ठोकळा जवळ आलेला. त्यात कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. वर आपले गतिरोधक! मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावं. अपघातानंतर विम्याचा प्रश्न निघतो तेव्हा हा बदल कागदावर येतो.

मुलाला नुसतं "नाही" म्हणून भागत नाही, हा शिक्षक म्हणून माझा अनुभव. त्याला 290 किलोचा हिशोब स्वतः करू द्या. गुरुत्वमध्य 0.45 ऐवजी 0.43 घेऊन, म्हणजे गाडी दोन सेंटिमीटर खाली आणून पुन्हा करू द्या. उत्तर 276 येतं. एवढ्या खटाटोपात कमावले तेरा-चौदा किलो, आणि त्यासाठी चाकाची जागा किती गमावली, ते त्यालाच मोजू द्या.

आणि घरच्या गाडीपासून सुरुवात करायची असेल तर टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे शोधायला सांगा. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. पाचवीतल्या मुलांनाही हे वाचता येतं. चारही टायरचे आकडे, हवेचा दाब आणि खाचांची खोली वहीत तक्त्यात लिहून आणायला सांगा, दुचाकी असेल तर दोन टायरचे.