जिंकलो आपण, हरले ते!

बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर ४ जून २०२५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा बळी गेला. आदल्या रात्री त्या शहराचे नाव लावणाऱ्या संघाने आयपीएलचा करंडक प्रथमच जिंकला होता आणि तो सोहळा पाहण्यासाठी प्रचंड जनसमुदाय लोटला होता. बंदोबस्तातील हलगर्जीपणाची जबाबदारी निश्चित करणे हा या दुर्घटनेचा एक भाग झाला. परंतु खासगी मालकीच्या संघाचा विजय हा आपलाच विजय, असे सामान्य माणसाला का वाटावे, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. ‘लोकांचे वेड’ म्हणून कार्यकर्त्यांनी तो झटकून टाकता कामा नये.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उद्बोधक ठरते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणत. हरला की ‘ते हरले’ म्हणत. एका लहानशा चाचणीत आपण कमी पडलो असे ज्यांना सांगण्यात आले होते, त्यांच्या बोलण्यात हा फरक विशेष ठळक होता. याचा अर्थ उघड आहे. स्वतःच्या आयुष्यात ज्याच्या वाट्याला पराभव येतो, त्याला दुसऱ्याच्या विजयाची ऊब अधिक हवीशी वाटते. बेकारीने आणि कंत्राटी नोकरीने गांजलेल्या तरुणाला वर्षभरात अभिमानाचे असे किती क्षण लाभतात?

या मनोवृत्तीची दुसरी बाजू भयावह आहे. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचा डाव कोसळताच प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला आणि नाबाद राहिलेला विनोद कांबळी अश्रू ढाळीत परतला. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानकडून हार पत्करावी लागली, तेव्हा अकराही खेळाडू हरले होते. पण शिव्याशाप मात्र महंमद शमीला, तेही त्याच्या धर्मावरून, देण्यात आले. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे त्याला भूषणावह होय. पराभव ‘त्यांचा’ ठरवायचा झाला की ‘ते’ कोण, हे समाजातील जुने पूर्वग्रहच ठरवितात.

भांडवलाने ही भूक अचूक हेरली आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. या व्यवहारात खरा माल कोणता? चेंडूफळीचा खेळ नव्हे, तर कोट्यवधी प्रेक्षकांचे लक्ष आणि त्यांची आपलेपणाची भावना. चाहत्याने निष्ठा द्यायची, पैसे मोजायचे. संघाच्या कारभारात मात्र त्याला मत नाही.

खेळाशी जनतेचे नाते नेहमीच असे होते असे नव्हे. मुंबईच्या गिरणगावात कबड्डीचे संघ होते, व्यायामशाळा होत्या. पाळी संपवून आलेला कामगार तेथे स्वतः मैदानात उतरे. संघ हरला तर ‘ते हरले’ म्हणण्याची सोय त्याला नव्हती, कारण हरणाऱ्यांत तो स्वतः असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. खेळणारा माणूस हळूहळू पाहणारा झाला.

म्हणून चाहत्यांची टवाळी करून काहीच साधणार नाही. माणसाला ‘आपण’ म्हणण्यासाठी काहीतरी हवे असते, आणि ते जेथे मिळेल तेथे तो जाणारच. वस्त्यावस्त्यांतील मोकळी मैदाने बिल्डरांच्या घशातून वाचविणे आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींचे संघ उभे करणे, हे राजकीय काम आहे. जय आणि पराजय दोन्ही आपले मानण्याची सवय जेथे लागते, तेथेच संघटनेचीही पायाभरणी होते.