गोडे बुजवून खारे गाळायचे?

मुंबईसाठी मनोरीच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पास 2020 साली शासनाने संमती दिली. आरंभी दररोज 20 कोटी लिटर, पुढे 40 कोटी, असा तो संकल्प. तेव्हापासून ‘समुद्र उशाशी असता पाण्याची चिंता कशाला?’ असा सूर आपल्या किनारपट्टीवरही ऐकू येतो. या सुराला आमचा स्पष्ट विरोध आहे.

आखाती देशांत हा उपाय आम्ही योग्यच मानतो. तेथे नदी नाही, पाऊस नाममात्र. आपल्याकडे मात्र वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो समुद्रात वाहू द्यायचा आणि तेच पाणी विजेच्या बळावर परत गाळून घ्यायचे, हे कोणते शहाणपण?

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते प्रचंड दाबाने सूक्ष्म पडद्यांतून रेटावे लागते. हजार लिटर गोड्या पाण्यामागे साधारण 3 ते 4 युनिटे वीज खर्ची पडते; म्हणजे 20 कोटी लिटरसाठी दररोज 6 ते 8 लाख युनिटे! शिवाय जितके गोडे पाणी मिळते, निदान तितकेच अतिखारे पाणी मागे उरते. जड असल्याने ते तळाशी साचते. शहराची तहान भागेल. पण त्याची झळ प्रथम कोळी बांधवांच्या जाळ्याला लागेल.

चेन्नईचा अनुभव बोलका आहे. तेथे मिंजूर येथे 2010 साली आणि नेम्मेली येथे 2013 साली दररोज प्रत्येकी 10 कोटी लिटरचे प्रकल्प सुरू झाले. तरीही 2019 साली जलाशय आटले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच शहराने पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन भराव घालून आक्रसून टाकली होती.

आम्ही वसईकरांनी तरी वेगळे काय केले? पूर्वजांनी राखलेली बावखले बुजवली, विहिरींचे पाणी टँकरांना विकले आणि उपसा वाढताच जमिनीखाली खारे पाणी शिरू दिले. फुकट मिळालेले गोडे पाणी ज्यांना राखता आले नाही, त्यांना विकतचे कसे पुरणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे: आधी उरलेली बावखले वाचवा, व्यापारी उपसा थांबवा, नळांची गळती रोखा, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरा. हे सारे करूनही तहान उरली, तर समुद्राकडे खुशाल वळावे. तोवर ग्रामसभेत, नगरपालिकेत हा क्रम ठणकावून सांगणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे.