‘वार पिकली’ म्हणजे काय? भीती नको, तपासणी हवी!

आठवा-नववा महिना लागलेली बाई सोनोग्राफीचा कागद घेऊन बाहेर येते आणि दारात बसलेल्या सासूला सांगते, ‘आत्याबाई, वार पिकलीया म्हणत्यात.’ कागदावर लिहिलेले असते, ‘प्लॅसेंटा ग्रेड तीन’. खटाव तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरून, बौद्धवाड्यांतून वडूजला तपासणीसाठी येणाऱ्या मजूर कुटुंबाला हादरवायला एवढे एक वाक्य पुरेसे असते. वार पिकली म्हणजे बाळ गुदमरणार, असा अर्थ घरात लावला जातो. शेळी विकली जाते, सावकाराची पायरी चढली जाते आणि सिझेरियनसाठी सही दिली जाते. कशावर सही केली, हे मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून आधी समजून घेऊ. वार हे आईच्या रक्तातून बाळाला अन्न आणि प्राणवायू पोहोचवणारे इंद्रिय आहे. दिवस भरता भरता तिचे वजन सुमारे अर्धा किलो होते. तिच्यात चुन्यासारखे पांढरे कण साठत जातात आणि सोनोग्राफीत ते दिसतात. 1979 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात ग्रॅनम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कणांवरून वारेच्या शून्य ते तीन अशा पायऱ्या ठरवल्या. दिवस भरत आले असताना तिसरी पायरी दिसणे हे पुष्कळ बायकांमध्ये घडते आणि त्यांची बाळे धडधाकट जन्मतात. डोक्यावरचे केस पांढरे झाले म्हणून माणूस कामातून गेला असे होत नाही, तसेच हे आहे. केवळ ‘ग्रेड तीन’ या दोन शब्दांवर पोट फाडण्याचे कारण नाही.

मग धोका नसतोच काय? असतो, आणि तो आपल्याच बायकांना जास्त असतो. दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी वार पिकलेली दिसली, आईचा रक्तदाब वाढलेला असला, बाळाची वाढ खुंटली असली, तर ती वार खरोखरच थकलेली असू शकते. दिवस उलटून गेले तरी धोका वाढतो. म्हणूनच 41 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू करण्याचे औषध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कळा सुरू करणे म्हणजे सिझेरियन नव्हे. आणि खरी गरज असेल तेव्हा सिझेरियन आई व बाळ दोघांचा जीव वाचवते, हेही विसरता कामा नये.

प्रश्न आहे तो न्यायाचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खासगी दवाखान्यांत शंभरातील 47 बाळंतपणे सिझेरियनने होतात, सरकारी दवाखान्यांत 14. त्याच पाहणीत निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे जिच्याकडून पैसा निघतो तिच्यावर शस्त्रक्रिया लादली जाण्याची भीती, आणि जिची वार उपासमारीने, कष्टाने, रक्तदाबाने खरोखर थकते तिच्याकडे पाहायला वेळेवर कोणी नाही! जातिव्यवस्थेने ज्यांना भूमिहीन ठेवले, त्यांच्याच घरातील बाई नवव्या महिन्यातही खुरपे घेऊन दुसऱ्याच्या रानात उभी असते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न बाईच्या नशिबावर सोडला नव्हता. याच खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रामजी सुभेदार खजिनदार होते. माता भीमाबाईंनी साताऱ्यातच 1896 साली देह ठेवला. पुढे 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी, बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली. 2017 साली कायद्याने प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. ती नोकरदार बाईला मिळते. खुरपणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या आमच्या भगिनीला कोणती रजा?

थोडे आपल्या घरातही पाहू. मिश्री ही आपल्याकडच्या बायकांची जुनी सवय. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी आढळली. कर्मकांडे सोडली, तशी गरोदरपणात मिश्रीची डबीही सोडली पाहिजे.

आणि प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. डॉक्टर ‘वार पिकली’ म्हणाले की विचारावे : कितवा आठवडा चालू आहे? बाळाची वाढ किती? पाणी किती? रक्तदाब किती? नाळेतील रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी केली काय? शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी करून घ्यावी, म्हणजे आठवड्यांचा घोळ होत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठावा. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या आणि वाहन मोफत आहे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते. हे उपकार नव्हेत, हक्क आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. बुद्धविहारातील महिला मंडळाने वस्तीतील प्रत्येक गरोदर भगिनीची तारीख वहीत लिहावी, 9 तारखेला तिच्यासोबत जावे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी व स्त्रीरोगतज्ज्ञ रोज हवेत, ही मागणी निवेदनात नव्हे तर मोर्चात मांडावी. जयंतीच्या मिरवणुकीवर होणाऱ्या खर्चातला थोडा हिस्सा या कामाला दिला, तरी ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ याचा अर्थ बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचेल.

जय भीम!