गव्हाचे पहिले पाणी आणि लेकीची शाळा



दिवाळी झाली, शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले आणि नेमकी याच वेळी कापसाची वेचणीही भरात आली. ज्यांचा बागायती गहू पेरून झाला, त्यांच्या डोक्यात आता पहिल्या पाण्याचा हिशेब चालू असेल. या सदरात मी नेहमी पिकांबद्दल लिहितो. आज लिहायचे आहे ते तुमच्या घरातल्या पाचवी ते आठवीच्या मुलीबद्दल. पण सुरुवात गव्हापासून करतो, म्हणजे बोलणे लवकर पटेल.

पेरणीपासून 18 ते 21 दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी जमिनीत ओल हवी. विहिरीला पाणी असूनही आळसाने ही पाळी चुकवली, तर फुटवे कमी येतात. पुढे तुम्ही रात्र-रात्र जागून दारे धरली, तरी त्या पाण्याने राहिलेले फुटवे येत नाहीत. पीक उभे दिसते, पण मळणीला कळते.

मुलीच्या शाळेचेही असेच आहे. गावात कोणालाही विचारा, "मुलगी शाळेत जाते का?" उत्तर ठरलेले. "पोरगी शाळंतच हाय की साहेब! आज वेचणी व्हती म्हणून ठेवली घरी." पटावर नाव आहे, गणवेश आहे, पुस्तके आहेत. नाही ती फक्त हजेरी.

आपण कागद-पेन्सिल घेऊन मांडू या. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षात किमान 220 दिवस शाळा भरली पाहिजे. आता वजाबाकी करा. कापसाच्या तीन वेचण्या, प्रत्येकी 6 दिवस, झाले 18. खुरपणीचे 8. धाकटे भावंड आजारी, आई माहेरी गेलेली, पाहुणे आलेले, गावची जत्रा, असे मिळून 12. मुलगी वयात आलेली असेल आणि शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल, तर महिन्याला 3 याप्रमाणे 10 महिन्यांचे 30. बेरीज 68. म्हणजे 220 पैकी 152 दिवसच ती वर्गात बसली. शेकडा 31 दिवस बुडाले. एवढी तूट पिकात आली असती तर तुम्ही पंचनामा मागितला असता! हा हिशेब मी नमुन्यादाखल मांडला. तुमच्या घरचे आकडे तुम्ही भरा. आणि मुलाचाही असाच हिशेब शेजारी मांडा. दोन्हींतला फरक पाहिल्यावर मला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

आता मुकुटमुळांची गोष्ट. समजा, त्या वेचणीच्या सहा दिवसांत वर्गात अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाली. मुलगी परत आली तेव्हा गुरुजी दशांशावर होते. तिला काही उमगले नाही. विचारायची सोय नाही, कारण वर्गात हात वर करायची सवय मुलींना कोणी लावलेली नसते. पुढे शेकडेवारी आली, गुणोत्तर आले, सगळे त्याच अपूर्णांकावर उभे. आठवीत ती म्हणते, "मला गणित येत नाही." घरचे म्हणतात, "पोरींचे डोके गणितात चालतच नाही." आणि नववी-दहावीत शाळा सुटली की, "तिलाच शिकायचे नव्हते." पाणी आपण चुकवायचे आणि खोट बियाण्यात काढायची, हा प्रकार मी शेतातही पुष्कळ पाहिला आहे.

हे गणित परीक्षेपुरते नाही. दहा लिटर पाण्याला 4 मिलि औषध लिहिलेले आहे आणि तुमचा पंप आहे 15 लिटरचा, तर औषध किती? सहा मिलि. हे गुणोत्तर सातवीच्या मुलीला यायला हवे. पण निम्म्या घरांत औषध मोजले जाते बाटलीच्या टोपणाने. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिशय जहाल, पिवळा असेल तर जहाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने काय ओढवले, ते सर्वांना आठवत असेल. खुरपणारी, वेचणारी, फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी जाणारी बहुतेक बाईच असते. डब्यावरची सूचना तिला वाचता यावी, ही चैन नव्हे.

वर्गातल्या गोष्टींकडेही जरा पाहा. मी कामानिमित्त गावोगावच्या शाळांत जातो. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या मुलगी आणते आणि खुर्ची मुलगा आणतो. वर्ग झाडायची पाळी मुलींची, घंटा द्यायची मुलांची. विज्ञानाच्या तासाला प्रयोगाची नळी मुलाच्या हातात आणि वहीत सुबक आकृती काढायचे काम मुलीकडे. खेळाच्या तासाला मैदान मुलांचे, मुली झाडाखाली सागरगोटे खेळत बसलेल्या. यात कोणा शिक्षकाचा दुष्टावा असतो असे मी म्हणत नाही. घरी जे चालते तेच शाळेत उतरते. पण एकाच छपराखाली, एकाच गुरुजींसमोर दोन वेगळी शिक्षणे चाललेली असतात. गुरुजींना आणि बाईंना नम्रपणे सांगा की झाडायच्या पाळ्या पटाच्या क्रमाने लावा, नळी हातोहात फिरू द्या आणि प्रश्न विचारताना एक मुलाला, एक मुलीला असा विचारा. याला काही खर्च येत नाही.

सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. आपल्या समाजाचे हाल तिने त्यात निर्भीडपणे मांडले. तेव्हाची शाळा त्या मुलीला बोलायला शिकवू शकली. आपल्या सहावीच्या वर्गातली मुलगी मात्र "समजले नाही" एवढेही म्हणायला भिते.

घरचे म्हणाल तर एक गोष्ट सोपी आहे. सकाळी मुलगा अंघोळ करून, आयते जेवून, भांग पाडून निघतो. मुलगी झाडलोट, पाणी, भावाचा डबा उरकून धापा टाकत वर्गात पोचते आणि उशिरा आली म्हणून बोलणी खाते. पाण्याच्या दोन कळश्या भावाने आणल्या तर त्याचे काही बिघडत नाही. बालभारतीच्या 2019 च्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडत आहेत असे चित्र छापले, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. भाजी निवडण्याची चर्चा व्हावी, यातच सारे आले. आमचे काही शेतकरी मित्र त्यावर हसले. त्यांच्या बाजारात मेथीच्या जुड्या तेच बांधतात!

मजूर मिळत नाहीत, वेचणी खोळंबली की कापूस गळून मातीत जातो, ही अडचण मला मान्य आहे. खोटी नाही ती. पण उपाय आहेत. दोन-तीन घरांनी सावड करून वेचणीचे दिवस वाटून घ्या. रविवार आणि सुट्टी धरून मुलगा आणि मुलगी दोघांनाही शेतात न्या, शिकतील. बालमजुरीचा कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला. त्यातही चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या कामात मदत करायची ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, असेच म्हटले आहे.

दुसरी अडचण लांबच्या शाळेची. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलीची योजना आहे. शाळेत चौकशी करा, लाजू नका. पुढे पदवीचा प्रश्न आला तर 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. यात शेतकी शिक्षणही येते. मी कृषी पदवीला होतो तेव्हा वर्गातल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजता येत. आज राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठेही जा, मुली नजरेत भरतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या काही कृषी सहायक मुली माझ्यापेक्षा चांगले माती परीक्षण समजावतात, हे मला कबूल केले पाहिजे.

आणि भगिनींनो, खास तुमच्यासाठी. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, असा कायदा आहे. नुसती सही करून घरी येऊ नका. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का? गेल्या सत्रात कोणत्या मुली दहापेक्षा जास्त दिवस गैरहजर होत्या? आणि वेचणीच्या दिवसांत बुडालेला धडा पुन्हा कधी शिकवणार? उत्तरे लिहून घ्या. तुम्हाला लिहिता येत नसेल तर मुलीला शेजारी बसवा.

गव्हाच्या पहिल्या पाण्याच्या सुमारास नत्राचा दुसरा हप्ता द्यायला विसरू नका. पुढील आठवड्यात हरभऱ्याच्या घाटेअळीबद्दल लिहितो. तोवर शेतात पक्षी बसायला काठ्या रोवून ठेवा.