इंग्रजीच्या परीक्षेला मराठी आडवी येत नाही



पंधरा दिवसांपूर्वी याच पानावर एका भगिनींचे पत्र आले होते. आपली मुले इंग्रजीच्या परीक्षांत मागे पडतात, याला घरातली आणि मंडळीतली मराठी कारण आहे, तेव्हा निदान संडे स्कूल तरी इंग्रजीतून चालवावे, असा त्यांचा रोख होता. त्यांची कळकळ खरी आहे. पण निदान चुकले आहे असे मला वाटते. आणि हे बोलायचा मला थोडा अधिकारही आहे, कारण चुकीचे निदान करून मी स्वतः एका मुलीचे नुकसान केले आहे.

मी अठ्ठावीस वर्षे मराठी शाळेत इंग्रजी शिकवले. निवृत्त झाल्यावर खानापूर बाजूच्या, आमच्याच मंडळीतल्या घरातली एक मुलगी शिकायला येऊ लागली. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, चार वर्षे वॉर्डात नोकरी, इंग्लंडला जायचे म्हणून आयईएलटीएसची तयारी. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून क्लासची फी भरली होती. परीक्षेची फी वेगळीच, तीही पंधरा हजारांच्या वर. क्लास सुटला की ती माझ्याकडे यायची. मी काय केले? जुन्या सवयीने कठीण शब्दांच्या याद्या काढून दिल्या. रोज वीस शब्द. ‘स्टार्ट’ नको, ‘कमेन्स’ लिही. ‘मेनी’ नको, ‘प्लेथोरा’ लिही. बिचारीने दोन वह्या भरल्या. रात्रपाळीत पेशंट झोपले की तेच पाठ करत बसायची.

निकाल आला. ऐकण्यात साडेसात, वाचनात सात, बोलण्यात सात आणि लेखनात सहा. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला पहिल्या तिन्हींत सात आणि लेखनात साडेसहा लागतात. अर्ध्या बँडाने सगळे अडले. माझ्या ओट्यावर बसून ती एवढेच म्हणाली, “सर, तुम्ही दिलेले सगळे शब्द घातले होते की हो मी.”

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मग, जे आधी करायला हवे होते ते मी नंतर केले. लेखनाचे गुण कसे देतात ते नीट वाचले. चार गोष्टी बघतात आणि चारींचे वजन सारखे: विचारलेल्याला उत्तर दिले का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्द आणि व्याकरण. म्हणजे या परीक्षेत व्याकरणाचा वेगळा पेपर नसला, तरी लेखनाचे निम्मे गुण शब्द आणि व्याकरणावरच असतात. पण शब्दांचे गुण म्हणजे जड शब्दांचे गुण नव्हेत. नेमका शब्द नेमक्या जागी बसला का, हे बघतात. तिच्या सरावाच्या वहीत वाक्य होते, ‘गव्हर्नमेंट शुड कमेन्स प्लेथोरा ऑफ हॉस्पिटल’. सरकारने पुष्कळ दवाखाने सुरू करावेत, असे तिला म्हणायचे होते. ‘प्लेथोरा’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त, नकोसे वाटावे इतके! शिवाय ‘ए’ गाळलेला, ‘हॉस्पिटल’चे अनेकवचन नाही. साधेच ‘स्टार्ट मोअर हॉस्पिटल्स’ लिहिले असते तर पोरीचे काही बिघडले नसते. हा दोष तिचा नाही, माझा.

आता मराठीबद्दल. आपल्या मुली पेशंटला हमखास ‘व्हेअर इज इट पेनिंग?’ असे विचारतात. लोक हसतात. पण ही चूक अडाणीपणाची नाही, ती मराठीच्या सरळ वाटेने आलेली आहे. आपल्याकडे ‘दुखणे’ हे क्रियापद, डोके दुखते, पोट दुखते. इंग्रजीत ‘पेन’ हे बहुधा नामच राहते, दुखण्याची क्रिया ‘हर्ट’कडे जाते. तसेच ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स’. आपल्या ‘पासून’ला काही अडचण नाही: सोमवारपासून आणि चार वर्षांपासून, दोन्हीकडे तेच चालते. इंग्रजीला सोमवारसाठी ‘सिन्स’ आणि चार वर्षांसाठी ‘फॉर’ लागतो, आणि क्रियापदाचे रूपही बदलते. ‘ए’ आणि ‘द’ यांना तर मराठीत घरच नाही, म्हणून ते आपल्या हातून गळतात. क्लासमध्ये तीन महिने तिला फक्त ‘राँग’ म्हणून लाल रेघ मारून मिळत होती. हेच मी मराठीतून सांगितले, तेव्हा ती दहा मिनिटांत म्हणाली, “असं होय! मग हे आधी कुणी का सांगितलं नाही?” मी काय बोलणार.

म्हणून माझे म्हणणे असे की, ज्याला आपल्या भाषेचे व्याकरण उमगले आहे त्याला दुसरीचे लवकर उमगते. आपल्या लोकांना तरी हे नवे नसावे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले ते 1579 साली. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले, आणि कोकणीचे व्याकरण त्यांच्या मागे 1640 मध्ये. म्हणजे एका इंग्रजाला आपल्या विभक्ती आणि क्रियापदे घोटत बसावे लागले होते! आणि बाबा पदमनजी तर आपल्या बेळगावचेच, जन्म 1831 चा. त्यांनी ‘यमुनापर्यटन’ मराठीत लिहिले आणि इंग्रजी-मराठी कोशही केला. दोन्ही भाषा एकाच माणसाच्या हाताखाली सुखाने नांदल्या.

त्या भगिनींचे एक म्हणणे मात्र मी मान्य करतो. कानावर इंग्रजी पडली पाहिजे. ऐकण्याच्या पेपरात ध्वनिफीत एकदाच लावतात, चुकले की गेले. तेवढ्यासाठी रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकाव्यात, नंतर ऐकलेले दोन वाक्यांत लिहून काढावे. त्यासाठी संडे स्कूलमधल्या लेकरांची मराठी काढून घ्यायला नको.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळ पालकांना कुणी सांगत नाही. एका परीक्षेत अर्धा बँड कमी पडला म्हणजे सगळे पाण्यात गेले, असे नसते. बारा महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा दिली तर ते कौन्सिल दोन निकाल एकत्र धरते. अट अशी की, दोन्ही वेळा ऐकणे, वाचन, बोलणे यांत साडेसहाच्या खाली आणि लेखनात सहाच्या खाली जायचे नाही, आणि लागणारा बँड दोनपैकी एका परीक्षेत तरी मिळालेला हवा. आमच्या मुलीला दुसऱ्या खेपेला मुख्यतः लेखनातच चढायचे होते. क्लासवाल्यांनी तिला काय सांगितले? पुन्हा पूर्ण कोर्स करा, पुन्हा फी भरा. तसेच नर्सेससाठी ओईटी नावाची दुसरी परीक्षाही चालते. तिच्यात आलेख आणि निबंध नसतात, पेशंटच्या नोंदींवरून पत्र लिहायचे असते, 180 ते 200 शब्दांत. वॉर्डात रोज केस लिहिणाऱ्या मुलीला ते कदाचित जवळचे वाटेल. कुठली द्यायची ते आपल्या हाताला काय जमते ते पाहून ठरवावे, शेजारणीची मुलगी कुठली पास झाली त्यावरून नव्हे.

आमच्या चर्चचा हॉल सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतो. मंडळीत निवृत्त शिक्षक आम्ही चौघे, निवृत्त मेट्रन दोघी. दुसरीकडे कर्ज काढून क्लास लावणाऱ्या मुली मला माहीत आहेत त्याच सहा-सात आहेत, आणि शेजारच्या गल्लीतल्या हिंदू-मुसलमान घरांतल्या वेगळ्या. पाळक साहेबांशी बोललो. त्यांनी किल्ली दिली, विजेच्या बिलाचे कमिटी बघेल म्हणाले. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. फी नाही. शब्दांच्या याद्या नाहीत, याची मी हमी देतो. प्रत्येकीने आठवड्याला एक पत्र किंवा निबंध लिहून आणायचा, चूक का झाली ते मराठीतून समजून घ्यायचे आणि तेच पुन्हा लिहायचे. बोलण्याचा सराव मेट्रनबाई घेतील, पेशंट त्या स्वतःच होणार आहेत आणि त्या चांगल्याच कुरकुऱ्या पेशंट होतील असे दिसते.

ती मुलगीही येते आहे. पुढच्या महिन्यात तिची दुसरी परीक्षा आहे. येताना जुन्या दोन्ही वह्या घेऊन ये, असे मी तिला सांगितले आहे. तिच्या आणि माझ्या चुका त्यातूनच फळ्यावर काढायच्या आहेत.

हॉलमधला फळा मात्र पार पांढरा पडलाय. काळा रंग लावून देणारे कुणी असेल तर रविवारी उपासनेनंतर भेटावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कॅम्प, बेळगाव