इंजिन एकच, गाड्या दोन

सदर : कारखान्याच्या दारातून



गेल्या पौर्णिमेला आम्ही चार-पाच कुटुंबे त्रिरश्मी लेण्यांवर गेलो होतो. नाशिकची पुष्कळ मंडळी त्यांना पांडवलेणी म्हणतात. पण पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती भिक्खुसंघासाठी कोरलेली लेणी आहेत, हे तिथले शिलालेखच सांगतात. वंदना झाली, डबे उघडले, बायामाणसे गप्पांत रमली. खाली मुंबई-आग्रा महामार्गावरून एक मोटारसायकल कान फाडणारा आवाज करीत गेली.

आमच्याबरोबर एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो. त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, "काका, मी जुनी गाडी घेतलीय. तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन बसवणार आहे. मग बघा कशी पळते!"

त्याचे वडील शेजारीच बसले होते. अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षे चाके आणि एक्सल बसवण्याचे काम करतात. ते म्हणाले, "अरे, आधी मागचं टायर बघ. पार गोटा झालंय."

पोरगा पटकन बोलून गेला, "पप्पा, तुम्हाला जन्मभर चाकंच दिसली!"

बाप गप्प झाला. भाकरीचा तुकडा तसाच हातात राहिला. पोराच्या मनात वाईट नव्हते, पण शब्द लागायचा तिथे लागला. म्हणूनच आजचा लेख. पोराला मी तिथे जे सांगितले तेच जरा सविस्तर लिहितो, कारण असा गैरसमज घरोघरी आहे. इंजिन म्हणजेच गाडी, बाकी सगळी भरती!

आपल्या नाशिकला इंजिनाचे कौतुक असणे साहजिक आहे. सातपूरच्या मायकोमध्ये, म्हणजे २००८ पासूनच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनाला लागणारे नोझल आणि इंजेक्टर बनवण्यात इथल्या कामगारांची हयात गेली. २००२ साली आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकच्याच कामगारांच्या हातून तयार होऊन रस्त्यावर उतरली. पण नुसत्या इंजिनाच्या जोरावर गाडी पळते का? याचा निकाल एकदा साऱ्या जगासमोर लागला आहे.

साल १९८८. फॉर्म्युला वन ही मोटार शर्यतींतली सर्वांत वरची स्पर्धा. त्या वर्षी तिच्या सोळा शर्यती झाल्या. जपानच्या होंडा कंपनीने आपले टर्बो इंजिन दोन संघांना दिले. एक मॅक्लारेन, दुसरा लोटस. इंजिन दीड लिटरचे, सहा सिलिंडरचे, ताकद साडेसहाशे अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे हृदय एकच, शरीरे दोन.

निकाल काय लागला? सोळापैकी पंधरा शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या. आयर्टन सेनाने आठ आणि अॅलन प्रॉस्टने सात. लोटसने किती जिंकल्या? एकही नाही! वर्षाअखेर मॅक्लारेनचे गुण १९९, लोटसचे अवघे २३.

कुणी म्हणेल, लोटसचा चालक कच्चा असेल. तसेही नव्हते. लोटस चालवत होता नेल्सन पिके, आदल्याच वर्षीचा जगज्जेता. तीन वेळा विश्वविजेता ठरलेला माणूस! त्याला वर्षभरात तीनदा तिसरा क्रमांक मिळाला, त्याच्या वर तो गेला नाही. १ मे १९८८ रोजी इटलीत इमोला येथे शर्यत झाली. आधीच्या चाचणीत एका फेरीला पिकेची गाडी सेनाच्या गाडीपेक्षा तीन सेकंदांहून अधिक मागे पडली. शर्यतीत पिके तिसरा आला खरा, पण पुढच्या दोन्ही मॅक्लारेननी त्याला पुरी एक फेरी मागे टाकले होते.

याहून बोलके उदाहरण पुढे आहे. त्याच वर्षी बेनेटन संघाकडे फोर्डचे बिनटर्बोचे इंजिन होते. ताकदीने होंडापेक्षा कमी. तरी बेनेटनला ३९ गुण मिळाले. म्हणजे चांगल्या बांध्याच्या गाडीने कमी ताकदीवर जोरदार इंजिनवाल्या लोटसला मागे टाकले.

असे का होते? आपल्या रोजच्या पाहण्यातल्या गोष्टींवरून समजून घेऊ.

पहिली गोष्ट टायरची. इंजिन कितीही जोर करो, तो जोर रस्त्याला लागतो चार टायरांमधून. आणि प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो किती? साध्या मोटारीचा जेमतेम तळहाताएवढा. गाडीचे धावणे, वळणे, थांबणे हे सगळे त्या चार तळहातांवर चालते. पावसाळ्यात चिखलात रुतलेला ट्रॅक्टर आठवा. ड्रायव्हर जितका जास्त रेस देतो तितके चाक जागच्या जागी फिरते आणि आणखी खोल जाते. तिथे ताकद कमी नसते, पकड कमी असते. पकड नसताना ताकद वाढवली तर खड्डाच वाढतो.

दुसरी गोष्ट वजनाची आणि उंचीची. हातगाडीवर लोखंडी कपाट उभे ठेवून वळण घ्या आणि मग तेच कपाट आडवे ठेवून घ्या. वजन तेच, पण उभे कपाट कलंडू लागते. मॅक्लारेनच्या स्टीव्ह निकोल्स, गॉर्डन मरे आदी अभियंत्यांनी १९८८ ची गाडी अगदी जमिनीलगत ठेवली. चालक जवळजवळ झोपून गाडी चालवत असे. इंजिन खाली बसावे म्हणून गिअरबॉक्सही वेगळा बनवून घेतला. पाहा, इंजिनाचा पुरेपूर उपयोग व्हावा म्हणून बाकी सारी गाडी त्याच्या मापाने घडवावी लागली.

तिसरी गोष्ट सांगाड्याची, ज्याला आपण चेसी म्हणतो. ढिल्या सांध्यांची बाज पाहिली आहे ना? एका कोपऱ्यावर बसा, दुसरा कोपरा उचलतो. गाडीचा सांगाडा असाच पिळवटू लागला तर स्प्रिंग आणि शॉकअप आपले काम नीट करू शकत नाहीत. एक चाक रस्ता दाबते तेव्हा दुसरे हलके पडते. इंजिन जितके जोरदार तितका सांगाडा जास्त पिळवटतो. म्हणजे मोठे इंजिन गाडीचे दोष झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणते.

चौथी गोष्ट हवेची. विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमानाला वर उचलतो. शर्यतीच्या गाडीचा पंख उलटा बसवलेला असतो. तो गाडीला खाली दाबतो, म्हणजे टायरांची पकड वाढते. जिचा आकार चुकला ती गाडी वेग वाढला की जमिनीवरून हलकी होऊ लागते. तेव्हा चालकाच्या हातात फक्त स्टिअरिंग उरते, गाडी उरत नाही.

आणि पाचवी, थांबण्याची. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. कसारा घाट उतरणाऱ्या कोणत्याही ट्रकवाल्याला विचारा, घाटात माणूस इंजिनाच्या भरवशावर जगतो की ब्रेकच्या. शर्यतही सरळ रस्त्यावर कमी आणि वळणावर जास्त जिंकली जाते. सरळ रस्त्यावर जोरदार इंजिनाने मिळवलेले दोन क्षण वाईट गाडी पुढच्या वळणावर घालवून बसते.

हे मोठमोठ्या अभियंत्यांनाही ठेच लागल्यावरच कळले. १९६९ साली जर्मनीच्या पोर्शे कंपनीने ९१७ नावाची शर्यतीची गाडी काढली. बारा सिलिंडर, पाचशेहून अधिक अश्वशक्ती. त्या काळात असे इंजिन म्हणजे अजब गोष्ट! पण वेगात ती गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा डोलू लागे. कसलेले चालक तिच्यात बसायला कचरत. त्या वर्षी फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत ही गाडी चालवताना जॉन वूल्फ या चालकाचा मृत्यू झाला.

पुढे ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या झेल्टवेग येथे चाचण्या घेतल्या. जॉन हॉर्समन या अभियंत्याच्या एक साधी गोष्ट लक्षात आली. गाडीच्या पुढच्या भागावर चिलटे चिरडून चिकटली होती, पण मागच्या शेपटीवर एकही नव्हते! म्हणजे हवा शेपटीला शिवतच नव्हती, वरून निघून जात होती. मग मागचा भाग दाबून धरणार कोण? मेकॅनिकांनी तिथल्या तिथे पत्रे कापले, ठोकले, रिबीट मारले आणि शेपूट उंच केली. इंजिनाला कुणी हातसुद्धा लावला नाही. गाडी सरळ झाली. १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षे ल मान्सची शर्यत त्याच ९१७ ने जिंकली. ज्या गाडीला बारा सिलिंडर सावरू शकले नाहीत, तिला पत्र्याचे काम करणाऱ्या हातांनी सावरले.

आता आपल्या घरातल्या शहाणपणाकडे वळू. 'मिलिंदप्रश्न' हा ग्रंथ तुम्हाला ठाऊक आहे. त्यात भदन्त नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी त्याला कळते की हे सारे भाग एकमेकांच्या आधाराने जुळतात तेव्हाच त्याला रथ हे नाव मिळते. नागसेनांना त्यातून माणसाविषयी सांगायचे होते, की 'मी' म्हणून वेगळी, सुटी अशी वस्तू कुठे सापडत नाही. बाबासाहेबांना ही प्रश्नोत्तरे किती मोलाची वाटत असतील! औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली त्यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. रथाच्या जागी मोटार घ्या. इंजिन म्हणजे गाडी का? नाही. लोटसने १९८८ साली तेच उत्तर दिले.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. या देशात माणसांची उतरंड लावणाऱ्यांनी सांगितले की कुणी मुखातून जन्मले, कुणी पायातून. मुख श्रेष्ठ, पाय हलके. श्रमाची वाटणी वेगळी आणि श्रमिकांनाच एकाखाली एक रचून ठेवणे वेगळे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. बंधूंनो, कारखान्यात ही उतरंड एक दिवससुद्धा टिकत नाही. गाडीचे पाय कोणते? तेच चार टायर, तळहाताएवढे टेकलेले. पायांना हलके समजणारी गाडी पहिल्याच वळणावर पालथी होते. आणि दुःख याचे वाटते, की ज्या उतरंडीतून आपण १९५६ साली बाहेर पडलो, तिचाच एखादा शब्द न कळत आपल्या पोरांच्या तोंडी येतो. इंजिन विभागातला मोठा, चाके बसवणारा छोटा! अरे, बावीस वर्षे ज्या बापाने नट योग्य ताकदीने आवळले, त्याच्या हातून गेलेल्या गाड्यांतून किती लेकरे सुखरूप घरी पोहोचली असतील, याचा हिशेब कोण मांडणार?

तरुण मित्रांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. गाडीत परवानगीशिवाय दुसरे इंजिन बसवणे किंवा तिची मूळ रचना बदलणे हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग आहे. उद्या अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकू शकतात. आणि हातात चार पैसे असतील तर क्रम असा ठेवा : आधी टायर, मग ब्रेक लायनर, मग चेन आणि शॉकअप, आणि डोक्यावर आयएसआय छापाचे हेल्मेट. एवढे सगळे ठीक असेल, तर आहे त्याच इंजिनाची गाडी तुम्हाला नवी वाटेल.

आयाबहिणींनो, तुमच्याही कानावर एक गोष्ट घालतो. पोरगा हुशार आहे, डोके तल्लख आहे, असे म्हणून आपण त्याला एकावर एक क्लास लावतो. पण त्याला पुरेशी झोप मिळते का, बसायला शांत कोपरा आहे का, घरात रोज भांडण होते का, हे पाहतो का? नुसत्या तल्लख डोक्याने परीक्षा पार होत नाही. घराचा सांगाडा मजबूत लागतो.

त्या दिवशी लेण्यांवरून उतरताना पोरगा माझ्याशी फारसे बोलला नाही. बापाची पिशवी मात्र त्याने आपणहून खांद्यावर घेतली. परवा सातपूरला त्याची मोटारसायकल दिसली. इंजिन जुनेच होते, मागचे टायर कोरे करकरीत होते. बापलेकाने दोघांनी मिळून रविवारी बसवले म्हणे.

जयभीम! नमो बुद्धाय!