जोडणीची उंची

मंडळी, गाडीमागे ओझं जोडायचं म्हटलं की आपण आधी विचारतो, "गाडी किती ताकदीची आहे?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की ओढणारा आणि ओझं जिथे जोडले जातात, त्या जागेची उंची किती?

विषय निघाला तो अमेरिकेतल्या पुतण्यामुळे. त्याने मासेमारीसाठी छोटी बोट घेतली आहे. ती ट्रेलरवर ठेवून गाडीमागे तळ्यापर्यंत न्यायची. "काका, गाडी दणकट आहे, दुकानातला कोणताही हिच चालेल," असं त्याचं म्हणणं. मला ते मुळीच पटत नाही.

आपल्या मुलुंड-घाटकोपरात गाडीमागे बोट ओढणारा कुणी मी पाहिलेला नाही. पण हातगाडी सगळ्यांनी पाहिली आहे. दोन चाकं आणि मध्ये आस. माल भरताना जाणता हातगाडीवाला वजन असं ठेवतो की दांडी हाताला किंचित दाबून बसेल. वजन मागे गेलं तर दांडी वर उचलते. बैलगाडीची अशी अवस्था झाली की 'गाडी उलाळ झाली' म्हणतात. उलट वजन फार पुढे आलं, तर सगळा भार जुवाखालच्या मानेवर.

या मानेचा विचार करणारी मुलं आपल्याकडे आहेत, याचं मला फार कौतुक वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाचा प्रकल्प केला. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला पुढच्या बाजूला जुवाजवळ आधाराचं एक चाक लावलं, म्हणजे मानेवरचा भार ते चाक घेतं. २०२२ साली त्याची छायाचित्रं देशभर फिरली.

मोटारीलाही बैलासारखंच बोलता येत नाही. जोडणी फार उंच झाली तर ट्रेलरचं तोंड वर होतं, वजन मागे सरकतं आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो. जोडणी फार खाली असेल तर ट्रेलर पुढे वाकतो आणि दांडी चढ-उताराला रस्त्यावर घासते. दांडीवर वजन जास्त पडलं तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही नीट लागत नाहीत. ट्रेलरला दोन आस असतील, तर तिरकेपणामुळे एकाच आसावर जादा भार येतो.

मग उंची ठरवायची कशी? सपाट जागी ट्रेलर उभा करावा, तोही बोट, इंधन आणि सामानासकट. जॅकने पुढची बाजू वर-खाली करून गवंड्याच्या पाणसळीने सांगाडा आडवा समतल करावा. मग जमिनीपासून दांडीच्या टोकाच्या वाटीच्या खालच्या कडेपर्यंत माप घ्यावं. दुसरं माप गाडीच्या मागच्या चौकोनी नळीच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत. समजा वाटी १७ इंचांवर आणि नळी २० इंचांवर आली, तर ३ इंच खाली उतरणारा हिच हवा. जोडल्यावर गाडी मागे थोडी दबतेच, म्हणून पाणसळ पुन्हा लावून पाहावी. ट्रेलर समतल किंवा पुढे किंचित झुकलेला चालेल, पुढून वर उचललेला चालणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. बोटीचं इंजिन बहुधा मागे असतं. बोट ट्रेलरवर चुकीच्या जागी ठेवली असेल, तर नुसती उंची बदलून भागत नाही. दांडीवर एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार यावा असं सर्वसाधारण सांगतात. नेमका आकडा गाडीच्या आणि ट्रेलरच्या पुस्तिकेत पाहावा. आधी वजनाची जागा, मग उंची.

युरोपात नियमानेच, गाडी भरलेली असताना जोडणीच्या गोळ्याची उंची ३५० ते ४२० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावी लागते. अमेरिकेत वेगवेगळ्या उंचीच्या गाड्या, आणि हिचही तितक्याच मापांचे. म्हणजे मोजण्याचं काम मालकाकडे आलं. कुणी म्हणेल, तळं अर्ध्या तासावर आहे, एवढा काथ्याकूट कशाला? पण झोकांडी खाणारा ट्रेलर शेजारच्या गाडीवर जातो, आणि त्या गाडीतल्या माणसांना आपण काही विचारलेलं नसतं. पंधरा मिनिटांचं मोजमाप ही त्यांच्यासाठीची जबाबदारी आहे असं मी मानतो.

पुतण्याला हे सगळं कळवलं आहे. पाणसळ आणि टेप घेतो म्हणाला.

असो. बैलगाडी पुढून जड झाली की तुमच्या गावाकडे काय म्हणतात? 'उलाळ' मला ठाऊक आहे, त्याच्या उलटचा शब्द कुणी कळवला तर आनंद होईल.